बाबांच्या गादीवरचा बोका

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी निघायच्या आधी आईचा फोन आला, तो बोक्याची चहाडी करायला. "तुझा लाडका आता गादीवर मुतू राहिला," ती म्हणाली. लाडका खरा तर तिचाच, पण काही बिघडलं की तो माझा होतो. मला हसू आलं. म्हटलं, अगं लहान आहे अजून, चुकला असेल, घमेल्यातली रेती बदलून बघ. ती आवाज खाली आणून म्हणाली, "यायच्या गादीवर. बाकी घरात कुठंच नाही. फक्त यायच्या."

यायच्या म्हणजे यांच्या, माझ्या बाबांच्या. दिवाळीच्या आसपास ते गेले होते, आणि त्यांची गादी पुढच्या खोलीत लोखंडी पलंगावर होती तशीच होती.

गादीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबा नेपानगरला कागदाच्या मिलमध्ये होते. रिटायर झाल्यावर बुऱ्हाणपुरात घर बांधून दोघं राहत होते. माणूस मोठा टापटिपीचा. भाजी आणायला जातानासुद्धा इस्त्रीची पँट. अशा माणसाला शेवटच्या वर्षात अंथरुणात व्हायला लागलं. आधी कधीतरी, मग वरचेवर. आई दुष्ट नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर लोक भलतंच समजतील. पण जन्मभर पहाटे उठून अंगण, ओटा, मोरी घासणारी बाई ती. तिला ते सहनच झालं नाही. "दोन पावलावर बाथरूम आहे, उठता येत नाही का तुम्हाले," असं ती मोठ्याने म्हणायची, खिडक्या लावून घेऊन. त्यांचा पलंग तिने मधल्या घरातून पुढच्या खोलीत टाकला. बाबा कधी उलट बोलले नाहीत. ती उठायच्या आत चादर काढून स्वतःच मोरीत धुवायला बसायचे, आणि ती पुन्हा बोलायची, साबण किती लावला म्हणून. हे सगळं मी जळगावला सासरी फोनवर ऐकत होते. तिला म्हणायचे, अगं ओरडू नको त्यांच्यावर, वय झालं की होतं. ती म्हणायची, "तुले काय जातं सांगायले, धुवायले मी आहे." तेही खोटं नव्हतं. मग एका सकाळी चहा पिता पिता बाबांना हार्टचा झटका आला, आणि तो अंथरुणाचा विषय तिथंच संपला. कोणी डॉक्टरला विचारलं नाही, की ते का होत होतं.

तेराव्याला आमच्यात शय्यादान करतात. गादी, उशी, चादर, तांब्या, छत्री, चपला, सगळं मांडून देतात, म्हणजे गेलेल्या माणसाला तिकडे झोपायला मिळतं. काका म्हणाले, दादा जिच्यावर झोपायचे तीच द्या, त्यांच्या अंगाची आहे. आई म्हणाली, नाही, नवीन आणा. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. नवीकोरी दिली, हात आखडता घेतला नाही, वगैरे. खरं कारण तिला ठाऊक होतं आणि मला. डागांनी भरलेली गादी चार लोकांत मांडायची कशी? ती उलटी करून, वर धुतलेली चादर घालून तिथंच राहिली. भेटायला येणाऱ्यांना आई सांगायची, "कोनाले तरास नाही दिला यायनं, चालता बोलता गेले." सांगताना तिची नजर पलंगाकडे जायची. मी ते पाहिलं होतं.

बोका आला तो त्याच थंडीत. भिंतीवरून पडला की कोणी आणून टाकला, कळलं नाही. पिवळा, पट्ट्यांचा, मुठीत मावेल एवढा. आईला जनावरांचा तिटकारा, पण तेव्हा ती फारशी कोणाशी बोलत नव्हती, आणि या पिल्लाला हाकलायला तरी तोंड उघडावं लागायचं. हाकलता हाकलता दूध द्यायला लागली. जिन्याखाली बांधकामाची उरलेली रेती होती, ती एका घमेल्यात भरली, आणि या शहाण्याने पहिल्याच दिवशी त्यात जाऊन, करून, चारी बाजूंनी उकरून झाकून टाकलं. आईला काय त्याचं कौतुक. "मानसापरीस बरा," ती मला फोनवर सांगायची, "आपलं आपन झाकतो, कोनाले सांगायले नको." ते वाक्य मला टोचायचं. तिलाही टोचत असावं, कारण ते म्हटलं की ती लगेच विषय बदलायची.

आणि आता तोच शहाणा बाबांच्या गादीवर.

मी पोचले तेव्हा बुऱ्हाणपूर तव्यासारखं तापलं होतं. पाणीसुद्धा प्यायच्या आत आईने मला पुढच्या खोलीत नेलं आणि चादर वर केली. तीन-चार ठिकाणी ओल्याचे गोल होते, वाळून पिवळे पडलेले. "बघ," ती म्हणाली. मी म्हटलं, "बघितलं. मांजराने केलंय." ती म्हणाली, "मांजराच्या मनात काय आहे, बाई. हे करून घेऊ राहिले त्याच्याकडून." मग तिने सांगितलं, अगदी हिशेब लागल्यासारखं. गादी द्यायची होती ती दिली नाही. नवी देऊन वरच्याला फसवलं. जे झाकून ठेवलं ते आता हे उघडं करू राहिले. "पह्यली आखाजी आहे यायची. मले सांगू राहिले, की मी विसरलो नाही म्हणून."

माझा स्वभाव तापट आहे, तो आईकडूनच आलाय. मी म्हटलं, "तू वेडी झालीस का? बाबा जिवंतपणी तुला कधी उलटून बोलले नाहीत, आता मेल्यावर मांजराच्या हातून सूड घेतील का?" ती म्हणाली, "बोलले नाही म्हनूनच."

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. फोनवर वाचलं, मांजर अचानक जागा सोडून करायला लागलं तर घमेलं घाण असेल, नाहीतर जागा आवडत नसेल, नाहीतर आवाजाला भीत असेल. जिन्याखाली जाऊन बघते तर घमेल्याच्या शेजारीच नवा कूलर लावलेला, गिरणीसारखा घरघरतोय. मला तर सापडलंच. आईला म्हटलं, हे बघ तुझे पितर, पंपासकट. घमेलं घासलं, ऊन दाखवलं, रेती चाळून घातली, मागच्या पडवीत शांत कोपऱ्यात नेऊन ठेवलं. आणखी एक परात भरून मोरीच्या बाहेर ठेवली, म्हणजे त्याला निवड राहील. बोक्याला उचलून दोन्ही दाखवलं. तो घमेल्यात बसला, बराच वेळ बसला, शेपूट थरथरत होती. मी आईला हाक मारली, की ये, बघ, बसलाय. तेवढ्यात तो उठला, काही न झाकताच बाहेर आला, आणि सरळ पुढच्या खोलीत पलंगावर. आई हात जोडून दारात उभी होती. मला इतका राग आला, त्याचाही आणि तिचाही, की मी पोलपाट घेऊन पुरणपोळ्यांच्या तयारीला लागले.

पण दुपारी एक गोष्ट झाली, ती अजून मनातून जात नाही. मी आत झोपलेय असं समजून आई पलंगाच्या कडेला बसली होती. बोका गादीवर, मान खाली घालून. ती त्याच्याशी बोलत होती. "चुकलं माझं," ती म्हणत होती. "किती खेप म्हनू? लोक ऐकतील म्हनून लाज वाटत होती मले. आता सोडा ना." बाबा गेल्यावर आई आमच्यापैकी कोणापुढे रडली नव्हती. सगळे म्हणायचे, खंबीर आहे. ती त्या बोक्यापुढे पदर तोंडाशी धरून रडत होती. मी दारातून मागे फिरले. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की तिचं म्हणणं मोडून काढायची मला एवढी घाई का झाली आहे? असू दे. माफी मागायला तिला कोणीतरी मिळालंय. बाबा नाहीत तर बोका.

आखाजीच्या सकाळी घागर भरायची होती. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाच्या नावाने नवी मातीची घागर पाण्याने भरतात, तिच्यावर लहान भांडं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आंबा आणि सांज्याची गोड सांजोरी. आईने काही कमी केलं नाही. आमरस बाबांना आवडायचा तसा, दूध न घालता. आजूबाजूच्या घरांतून झोक्यावरच्या बायकांची गाणी ऐकू येत होती, आणि आई न्हाऊन, नवं लुगडं नेसून, गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकत होती. घास जळून गेला की पितर जेवले. तिने मला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, "उद्या मनापासून देते. मानलं तर बोक्या घमेल्यात जाईन. नाही मानलं तर समजेन मी." तिचं सगळं त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं.

बोका आला. सांजोरीकडे नाही, दुधाकडे नाही, कशाकडेच बघितलं नाही त्याने. पाय ओढत गेल्यासारखा पुढच्या खोलीत गेला आणि पलंगावर चढायला त्याला दोनदा उडी मारावी लागली. गादीवर बसला आणि त्याने असा आवाज काढला की मी तसा मांजराचा आवाज कधी ऐकला नव्हता. आईच्या हातातली पळी तशीच राहिली. "नाही मानले," ती म्हणाली, आणि खाली बसली.

मी गेले ते त्याला ओढून काढायला. खरं सांगायचं तर एक फटका द्यायचाच होता. उचलला, तर खालची चादर कोरडी. हात फिरवून बघितला, सगळी कोरडी. तो एवढा जोर करत होता आणि थेंब नव्हता. पोटाखाली हाताला कैरीएवढं कडक काहीतरी लागलं, आणि त्याने माझ्या मनगटाला चावा घेतला. त्याने आजवर कोणाला चावलं नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आपल्याच अकलेची कीव आली. कूलर म्हणे.

"आई, त्याला होतच नाहीये," मी म्हटलं. "तो आजारी आहे."

सणाचा दिवस, जनावरांचा दवाखाना बंद. शेजाऱ्यांनी ओळखीतून डॉक्टरला फोन लावला, ते म्हणाले, घरी घेऊन या, उशीर करू नका. मी बोक्याला उशीच्या अभ्र्यात घालून रिक्षा थांबवली. आईला म्हटलं, तू थांब, घरी पाहुणे येतील, घागर आहे. ती ऐकेना. तशीच पूजेच्या लुगड्यात येऊन बसली आणि अभ्रा माझ्या मांडीवरून आपल्या मांडीवर ओढून घेतला.

डॉक्टर तरुण होते, घरच्या कपड्यांत. एरवी म्हशी आणि बकऱ्या बघणारे, पण हात हलका. बोक्याला टॉवेलात गुंडाळून सुई दिली, बारीक नळी घातली, आणि लाल लघवी वाहायला लागली, ती थांबेचना. म्हणाले, खडे होते, रस्ता बंद झाला होता, आणखी उशीर झाला असता तर संपलं असतं. आई टेबलाच्या टोकाला उभी राहून ते बघत होती. मी विचारलं, मग तो घमेलं सोडून गादीवरच का जात होता? डॉक्टर आईकडे वळून म्हणाले, "माताजी, ये जिद नहीं करता. इसको दर्द होता है. इसे लगता है, डिब्बे में बैठता हूँ तो दुखता है, तो नरम जगह ढूँढता है." मग हात पुसत सहज विचारलं, "उस गद्दी पर पहले किसी की पेशाब हुई थी क्या? हमको धोने के बाद पता नहीं चलता, बिल्ली को बू आती रहती है. वहीं जाएगी."

मी तोंड उघडणार होते, काहीतरी थाप मारायला. एखाद्या लहान बाळावर ढकललं असतं. पण आईच बोलली.

"हमारे साहब की," ती म्हणाली. "आखिरी आखिरी में हो जाती थी."

सहा महिने जे तिने भावाला, नणंदेला, शेजारणीला, कोणाला म्हणून कळू दिलं नव्हतं, ते तिने एका अनोळखी माणसाच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं. तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं. "मैं बहुत चिल्लाती थी उनको," ती म्हणाली. "मेरे को लगा, आलस करते हैं."

डॉक्टर बिचारे गोंधळले. माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. तिची समजूत काढावी म्हणून ते म्हणाले, "आप कैसे समझतीं, माताजी. ये तो जानवर है, बोल नहीं सकता. आदमी को तकलीफ हो तो वो बोलता है ना."

"बोले थे," आई म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं. बाबा बोलले होते, लघवीला आग होते म्हणून, एकदा नाही, वरचेवर. आणि आईला ती सबब वाटली होती. हे तिने मला परतताना रिक्षात सांगितलं, बोक्याच्या डोक्यावर हात ठेवून, अगदी सपाट आवाजात. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. तिच्या नव्हती. रिक्षावाला आरशातून बघत होता.

तिला बरं वाटावं म्हणून मी एक मूर्खपणा केला. म्हटलं, "आई, बघ, म्हणजे ते बाबा नव्हतेच ना. तुझ्यावर राग धरून कोणी आलं नव्हतं. मोकळी झालीस तू."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "रागानं आले असते तरी चाललं असतं, बाई," ती म्हणाली. "आले तर असते."

बोक्याला डॉक्टरकडे नेण्याचा पस्तावा मला नाही, तसं कोण म्हणेल. तो जगला, चांगलाच ठणठणीत झाला, घमेल्यात पुन्हा जायला लागला. पण ज्या तोंडाने मी तिला वेडी म्हणत होते, ते तोंड मी थोडं आवरायला हवं होतं. तिची ती समजूत वेडगळ होती, मान्य. पण त्या वेडगळ समजुतीत बाबा तिचं ऐकत होते. मी खरं सांगितलं आणि तिला एकटीला पलंगाशी सोडून जळगावच्या गाडीत बसले.

गादी टाकून द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, नाहीतर बोका पुन्हा तिथंच जाईल. मी निघायच्या आधी ती बांधून अंगणात काढून ठेवली होती. आईने ती माझ्या पाठीमागे परत आत नेली. फोनवर कळलं तेव्हा मी पुन्हा भडकले, जित्याची खोड ती. म्हटलं, अगं, रात्रंदिवस त्या खोलीचं दार लावून ठेवशील का बोक्यासाठी? ती म्हणाली, दार नाही लावलं, मधल्या घरातला माझा बिछाना काढला, आता मीच झोपते तिच्यावर, मी असले की तो वर येत नाही.

"वास येत नाही का तुला?" मी विचारलं.

"येतो," आई म्हणाली, आणि बोक्याने सकाळी दूध कसं सांडलं ते सांगायला लागली.